डावा आहे, उजवा आहे

चप्पल नव्हती. डाव्या पायात. हे मृत्युंजयला कळलं ते अक्षरानं दार उघडलं आणि तिची नजर खाली गेली तेव्हा. "पप्पा, दुसरी चप्पल कुठंय?" ती म्हणाली, आणि त्यानं आपल्या पायांकडं पाहिलं, एसटीत शेजारी बसलेल्या परक्या माणसाच्या पायांकडं पाहावं तसं. उजव्यात तपकिरी चप्पल. डावा उघडा, धुळीनं भरलेला, अंगठ्याला डांबराचा ठिपका. शेअर रिक्षातून तो कोपऱ्यावर उतरला होता, रस्ता ओलांडला होता, पाटलांच्या नव्या बांधकामाची खडी तुडवत आला होता, तीन जिने चढला होता. खडी तुडवत. आणि पायानं त्याला एका शब्दानं कळवलं नव्हतं. "पट्टा तुटला वाटतं," असं म्हणून तो हसला आणि परत खाली गेला. पट्टा तुटला नव्हता. चप्पल पानटपरीच्या समोर पडली होती, तोंड त्याच्या घराकडं करून. टपरीवाला म्हणाला, "म्या आवाज दिला की साहेब, दोनदा दिला. तुमी आपले चाललेच." मृत्युंजयनं चप्पल पायात घातली. घातली असं त्याला दिसलं. घातल्याचं कळलं मात्र नाही.

तिथून पुढं त्याला एक सवय लागली. दहा-वीस पावलं झाली की मान खाली. डावा, आहे. उजवा, आहे. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सर्व्हेच्या प्रयोगशाळेत तो सहायक होता, एकतीस वर्षं. साखळ्या, टेप, लाल-पांढऱ्या काठ्या, तिपाई आणि दर वर्षी नवी पोरं. पोरं दुर्बिणीला डोळा लावून उतार शोधायची, तेव्हा हा बाजूला उभा राहून सांगायचा, इकडं बोटभर खाली आहे बघा. आणि आकडा तसाच यायचा. पोरं विचारायची, सर, कसं काय? तो म्हणायचा, तळव्यांना विचारतो. जमीन कधी सपाट नसते, ती सारखी काहीतरी बोलत असते, हे वाक्य त्यानं किती पोरांना ऐकवलं असेल. आता तो मैदानात उभा असायचा आणि जमीन गप्प. रुसलेलीही नाही, रुसणं म्हणजेसुद्धा काहीतरी असतं. पायाखाली गादी घातल्यासारखं. गादीखाली दुसरी गादी. तिच्याखाली कोण आहे, कुणास ठाऊक.

डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला सांगितले होते. त्यांच्या हातात नायलॉनचा एक दोरा, मासे धरायच्या गळाला असतो तसा. टोचला की हो म्हणा. साखर नऊ वर्षांपासूनची, पायांच्या नसा दमल्यात, बघू कितपत. मृत्युंजय मिटल्या डोळ्यांनी पडून राहिला आणि काहीच येईना. बाहेर कंपाउंडर कुणाचं तरी नाव पुकारत होता, पंखा कुरकुरत होता, अक्षराच्या बांगड्या वाजल्या, सगळं येत होतं, पाय तेवढे येत नव्हते. मग त्याला एक लय सापडली. डॉक्टरांचा श्वास, खुर्चीची करकर, मग थोडा विराम. त्या लयीत तो म्हणू लागला. हो. हो. हो. परीक्षेत शेजाऱ्याचं बघून लिहावं तसं. डोळे उघडले तेव्हा डॉक्टर दोरा बाजूला ठेवून लिहीत होते आणि अक्षरा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती. चेहरा असा, की तिनंच काहीतरी चोरलंय आणि ते उघडकीला आलंय.

घरी बायकोनं, सिंधुनं, स्वच्छ विचारलं, "मग यंदा कपिलधार बंद ना?"

बंद? कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला, मन्मथस्वामींच्या समाधीला, पायी जायची ही त्याची बारावी खेप होती. मोठ्या पदयात्रा वेगळ्या, त्यांचे झेंडे वेगळे, स्पीकर वेगळे. ही नऊ जणांची टोळी. कुणी कुणाचं नात्यातलं नाही, गल्लीतलं नाही. अकरा वर्षांपूर्वी लोह्याच्या अलीकडं एकाच लिंबाखाली पाय चोळत बसलेली माणसं, तिथं बोलणं झालं आणि तिथून पुढं एकत्र चालली, एवढंच. वर्षातले नऊ दिवस. उरलेल्या दिवसांत ती एकमेकांच्या लग्नालासुद्धा जात नसत. कंधारचा लिंबाजी, दवाखान्यात कंपाउंडर होता, आता निवृत्त. सिद्रामअप्पा, मूळ उदगीरचा, नांदेडात किराणा दुकान, पोट पुढं आणि हसणं त्याच्याही पुढं. केवळाबाई, सोनखेडकडची, दुसऱ्याच्या रानात रोजानं जाणारी, सगळ्यांत म्हातारी आणि सगळ्यांत पुढं चालणारी. या माणसांना मृत्युंजयचा पगार माहीत नव्हता, अक्षरा काय शिकते हे माहीत नव्हतं. त्यांना त्याचे पाय माहीत होते. उजव्या टाचेला दुसऱ्या दिवशी फोड येतो. डावी करंगळी आत वळलेली. कुणाला सांगून विश्वास बसला नसता, पण सिंधुपेक्षाही त्यांना जास्त माहीत होते. आणि म्हणूनच त्यांना सांगायचं नव्हतं.

"बूट घालून जातो," तो म्हणाला. अक्षरा भांडली नाही. तिनं अट घातली. रोज संध्याकाळी दोन्ही तळव्यांचा फोटो पाठवायचा. त्यानं कबूल केलं.

चालताना बरं वाटत होतं, हे खोटं नव्हतं. खांदे चालत होते, गुडघे चालत होते, सोयाबीन निघून गेलेली रानं, तुरीची पिवळी फुलं, गार वारा कानात. फक्त मान खाली. डावा, आहे. उजवा, आहे. सिद्रामअप्पा म्हणाला, "काय मास्तर, काय पडलं का तुमचं? मघापासनं हुडकून राहिले." कॉलेजात आहे म्हणून मास्तर. अकरा वर्षांत त्यांनी पदवी बदलली नव्हती. "न्हाई अप्पा, रस्ता खराब हाय." रस्ता नवा होता, काळा कुळकुळीत. अप्पानं रस्त्याकडं पाहिलं, मग याच्याकडं, आणि म्हणाला, "यप्पा! तुमच्या नजरेला कायच पसंत पडंना."

सोनखेडला पहिला मुक्काम केवळाबाईच्या अंगणात. दर वर्षी असाच. ती शेवटचे दोन मैल पुढं पळत जायची आणि तीन दगडांवर पाणी तापवायची, मीठ घालून. मोठं घमेलं, भोवती सगळे, पाय आत. कढत पाणी. बोट लागलं की माणूस ओरडतो, काढतो, परत घालतो, हसतो. वरून थंड पाणी घालून द्यायची तिची रीत नव्हती. ती म्हणायची, ज्याला सोसंल तसा त्यानं काढावा-घालावा, पाणी मी कुणाच्या मापानं तापवू? सगळ्यांत मोठ्यानं ओरडायचा तो मृत्युंजय. त्याच्या ओरडण्यावर टोळीचं अर्धं हसू चालायचं. या वर्षी त्यानं बूट काढले, मोजे काढले आणि अप्पाशी सोयाबीनच्या भावाविषयी बोलता बोलता दोन्ही पाय घमेल्यात ठेवले. बोलत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं की कुणीच बोलत नाहीये. लिंबाजीचा पाय हवेत. अप्पाचं तोंड उघडं. केवळाबाई हातात लाकूड धरून उभी. "अगं माय," ती म्हणाली, "मास्तर मर्द झाला की गं यंदा!"

त्या क्षणी पाय काढायचे होते. आई गं म्हणायचं होतं. एवढं सोपं होतं. पण सगळे त्याच्याकडं असे बघत होते, आणि बघण्यात कौतुक होतं, आणि त्या कौतुकाला चव होती. छप्पन्नाव्या वर्षी, साखर बंद झालेल्या माणसाच्या जिभेवर. महिनाभर घरात सगळे त्याच्याकडं बघत होते ते काचेचं भांडं टेबलाच्या कडेला ठेवलंय असे. त्यानं पाय ठेवले. अजून ठेवले. "मर्द न्हाई, पत्थर हाय पत्थर," अप्पा म्हणाला. केवळाबाईनं उरलेलं पाणीही त्याच्याच पायांवर ओतलं, लाडानं. पाय बाहेर आले तेव्हा घोट्यापर्यंत लाल होते. त्यानं फोटो काढून अक्षराला पाठवला. लाल कशामुळं, तिनं विचारलं. चालून, त्यानं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी लोह्याला आंघोळीच्या वेळी मोजा काढला तर डाव्या तळव्याखाली फोड. चालून येतो तसा नाही. लिंबाएवढा, पिवळा, आतून हलणारा, आणि त्याच्या बाजूला कातडी सुरकुतलेली, उकडलेल्या बटाट्याची असते तशी. मृत्युंजय त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिला. दुखत नव्हता. त्याला वाटलं, दुखत नाही म्हणजे अजून तो माझा नाही. मूर्खासारखं वाटणं, पण वाटलं. त्यानं मोजा चढवला. संध्याकाळी सोनखेडचाच फोटो पुन्हा पाठवला. आज लाल कमी आहे, त्यानं खाली लिहिलं. फोटोत लाल तितकंच होतं. अक्षराचं उत्तर आलं नाही.

माळाकोळीच्या पुढं रस्त्याकडेला एक पत्र्याचं शेड आहे, उन्हाळ्यात टरबुजं विकायला घातलेलं. कार्तिकात रिकामं. तिसऱ्या दिवशी दुपारचा विसावा तिथं, आणि तिथंच लिंबाजीचा दवाखाना. तीन दिवस चाललेल्या पायांवर फोड येतातच. लिंबाजी सुई काडीवर तापवायचा, फोडातून दोरा ओवायचा आणि दोरा आतच ठेवायचा, म्हणजे पाणी झिरपून जातं. केवळाबाई पाय मांडीवर धरायची. ज्याचा पाय त्यानं ओरडायचं, मोकळेपणानं, लाज न धरता. आणि ज्याची बोंब मोठी त्याला पहिला चहा. हा कायदा कुणी केला ते आता कुणालाच आठवत नव्हतं. सामानाच्या टेम्पोचा ड्रायव्हर सत्यम, चाळिशीचा बाप्या, मागं गॅसवर चहा करत असायचा आणि निकाल तोच द्यायचा. गेली चार वर्षं पहिला चहा मृत्युंजयचा होता.

अप्पा ओरडून झाला. टोळीतले हणमंत, मलप्पा झाले. "मास्तर, या," लिंबाजी म्हणाला. "मला फोड न्हाई यंदा." "तुला न्हाई? तुला?" लिंबाजीनं हसत त्याचा डावा पाय ओढला, केवळाबाईनं मांडीवर घेतला, मोजा निघाला. मोजा तळव्याला थोडा चिकटला होता. कुणीतरी ओह् केलं. लिंबाजीचं हसू जाग्यावरच थांबलं, तो खाली वाकला. मृत्युंजयला त्याचं डोकं दिसत होतं, पांढरी टोपी दिसत होती, हात दिसत नव्हते. आता लय. श्वास. पत्रा उन्हानं टक् वाजला. सगळे वाट बघत होते, सत्यमनं कप हातात धरला होता, चार वर्षांचा मान. आता टोचली असणार. आता. मृत्युंजयनं डोळे मिटले आणि ओरडला, "आई गं! मेलो!"

काय बोंब होती. शेडवरचं पाखरू उडालं. अप्पानं टाळी वाजवली. "हाव! याला म्हंत्यात बोंब! सत्यम, आण रे चहा मास्तरला."

डोळे उघडले तर लिंबाजी त्याच्याकडं बघत होता. त्याच्या हातात कापसाचा बोळा होता, स्पिरिटचा. तोही अजून पायाला लागला नव्हता. सुई टोपीच्या घडीत तशीच होती, दोरा कानाजवळ लोंबत होता.

केवळाबाईच्याही ते लक्षात आलं. तिनं एकदा सुईकडं, एकदा पायाकडं पाहिलं. बाकीचे हसत होते. लिंबाजीनं बोळा खाली ठेवला आणि नखानं, जरा जोरातच, मृत्युंजयच्या अंगठ्याच्या बुडाशी दाबलं. बघत राहिला. मग हळू आवाजात, फक्त तिघांना ऐकू जाईल असा, "किती दिस झाले, मास्तर?"

सांगितलं नाही तर? लिंबाजी सांगणार नव्हता, हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. मोजा चढवून चालता आलं असतं. अंबाजोगाई, केज, घाट, सहा दिवस. पाय दुखणार नव्हता, हीच तर सगळ्यात मोठी सोय. आणि सांगितलं तर? घरात होता तसाच इथंही तो कडेला ठेवलेलं काचेचं भांडं होणार. मास्तरला उन्हात नको, मास्तरला टेम्पोत बसवा. चालणाऱ्यांतून वजा. त्याला वाटलं, गप्प बसावं. तो गप्प बसलाही असता. पण केवळाबाईची बोटं त्याच्या तळव्याच्या त्या सुरकुतलेल्या कातडीवर होती. ती त्याला कळत नव्हती, दिसत होती. आणि ती बोटं त्या कातडीची कड चाचपत होती.

"ह्ये चालून न्हाई आलेलं," ती म्हणाली. "ह्ये भाजलेलं हाय. माझ्या पाण्यानं." मग आवाज चढला, "माझ्या पाण्यानं भाजून राहिला अन् तू बसून राहिलास व्हय रे? वरनं मी आनिक वतलं! आनिक वतलं मी!"

हसणं थांबलं. पत्र्याखाली एकदम ऊन जाणवलं. मृत्युंजय म्हणाला, "मावशी, तुमची चूक न्हाई. मला कळत न्हाई. खालचं कायच कळत न्हाई मला." मग एकदा तोंड उघडलं म्हटल्यावर सगळंच. चप्पल, खडी, नायलॉनचा दोरा, हो हो हो, फोटो. तो बोलत असताना कुणाकडं बघत नव्हता, पायाकडं बघत होता. सांगून झालं. आता दया येईल, असं त्याला वाटलं. ती आली नाही. अप्पाला राग आला होता. "म्हंजी आम्ही येडे?" तो म्हणाला. "पत्थर म्हणलं, मर्द म्हणलं, अन् हा मनात हसून राहिला आम्हाला?" "हसलो न्हाई अप्पा." "मग?" "बरं वाटलं."

अप्पानं मांडीवर हात आपटला. मग म्हणाला, "आता ह्याला काय शिव्या द्याव्या मानसानं." आणि पाठ करून बसला.

लिंबाजीनं सुई टोपीतून काढली नाही. "ह्याला सुई लावायची न्हाई. अशा पायाला फोडलं तर पाय जाईल. मी बघितल्येत गेलेले." त्यानं स्वच्छ फडकं घेतलं आणि हलक्या हातानं गुंडाळायला लागला. "सत्यम, अहमदपूर. दवाखाना. चालणं बंद, मास्तर." फडक्याचा पहिला वेढा. दुसरा. आणि तिकडून, पाठमोऱ्या अप्पाचा आवाज आला, मरगळलेला, "आई गं."

लिंबाजीनं मान वर केली. "तुला काय झालं?"

"बांधताना वरडायचा कायदा हाय," अप्पा म्हणाला, वळला नाही. "त्याला जमंना तर कुणीतरी वरडाय पाह्यजे की." तिसऱ्या वेढ्याला मलप्पा ओरडला. चौथ्याला हणमंत. केवळाबाई ओरडली नाही. ती पदरानं त्याची टाच पुसत होती, जिथं पुसायला काही नव्हतं.

टेम्पोत सामानाच्या गाठोड्यांमध्ये बसून त्यानं अक्षराला खरा फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला. "मला कालच कळलं होतं, पप्पा. फोटोत मागं तीच चुलीची दगडं होती. मी निघालेय, सातपर्यंत पोचते." आवाज रागावलेला नव्हता, आणि म्हणून त्यानं नुसतं 'ये' म्हटलं. अहमदपूरच्या डॉक्टर बाईंनी पाय बघितला, साफ केला, जाड पट्टी बांधली. आज आलात, पाय राहील, म्हणाल्या. अजून तीन दिवस चालला असता तर मी काही सांगू शकले नसते. घरी जा.

सात वाजायला अवकाश होता. मुक्काम अहमदपूरच्या अलीकडं एका रानातल्या शेडपाशी होता, चालणारी माणसं अजून मागं. सत्यमनं गॅस उतरवला, चहाचं आधण ठेवलं. मृत्युंजय एका उपड्या क्रेटवर बसला, पट्टीचा पाय दुसऱ्या क्रेटवर. समोर तुरीवर ऊन कलत होतं. तो बसून राहिला आणि त्याला आठवलं, अकरा वर्षांत टोळीच्या आधी मुक्कामाला तो कधीच पोचला नव्हता. आधी पोचणारं माणूस एकच, केवळाबाई. आज ती पुढं पळत आली नव्हती; पाय जड झाले असतील, की ती आता यापुढं कधी पाणी तापवणारच नसेल.

"सत्यम," तो म्हणाला, "तीन दगड दे आणून. आणि घमेलं."

"तुमी बसा की मास्तर गुमान."

"बसूनच करतो. आण."

दगड मांडले, लाकडं सारली, मीठ टाकलं. धूर डोळ्यांत गेला, तो झोंबला. पाण्याला बारीक फुगे येऊ लागले. किती तापलं? ती कशी ओळखायची? त्याला कधी दिसलंच नव्हतं, तो तेव्हा बूट काढत असायचा. रस्त्याच्या वळणावर काही रंग हलताना दिसले, सगळ्यांत पुढं हिरवं लुगडं, पळत नव्हतं, पण पुढंच. त्यानं बाही वर सारली आणि हात मनगटापर्यंत घमेल्यात घातला.

"आई गं!"

हात बाहेर आला होता, तो ओरडायच्या आधीच. बोटं लाल, अंगठ्यापासून खांद्यापर्यंत एक रेष पेटत गेलेली. तुरीतून दोन तितर फडफडत उठले. "काय झालं? काय झालं मास्तर?" सत्यम गाळणं घेऊनच धावत आला.

"काय न्हाई. पाणी कढत हाय."

सत्यमनं त्याच्या लाल बोटांकडं पाहिलं. मग गेला, आणि आला तो कप घेऊन. पहिला. मृत्युंजयनं तो घेतला आणि चुलीच्या ऊबेला, दगडाच्या कडेला ठेवला, त्यावर बशी झाकली. "मावशीला," तो म्हणाला. हिरवं लुगडं आता ओळखू येत होतं, मागं अप्पाचं पोट, अप्पा काहीतरी मोठ्यानं बोलत होता. त्यानं कळशीतून थंड पाणी घमेल्यात ओतलं. थोडं. आणखी थोडं. मग भाजलेला तोच हात पुन्हा आत घातला आणि रस्त्याकडं बघत आतच ठेवला. पाणी आता सोसेल असं झालं होतं. हे कळायला त्याला खाली बघावं लागलं नाही.